गयाराम आधी, आयाराम नंतर

पक्ष बदलणाऱ्याला हिणवायला मराठीत शब्दांची ददात नाही. सरडा, बेडूक, कोलांटउडीबहाद्दर, टोपी फिरवणारा. यातला कुठलाही शब्द राजकारण्यासाठी पहिल्यांदा कुणी वापरला हे शोधायला गेलं तर हाती काही लागणार नाही. ‘आयाराम-गयाराम’चं तसं नाही. या शिवीला सातबारा आहे. राज्य हरियाणा, साल १९६७, मतदारसंघ हसनपूर, आमदाराचं नाव गया लाल. राजकीय टोमण्याचा इतका नेमका पत्ता क्वचितच मिळतो, म्हणून हे प्रकरण तपासण्यासारखं आहे. तपासायला घेतल्यावर मात्र लक्षात येतं, की पत्ता खरा असला तरी त्यावर घडलेली म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, ती सांगतात तशी घडलेली असू शकत नाही.

ठरलेली गोष्ट

गोष्ट बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. गया लाल हसनपूरमधून अपक्ष निवडून आले आणि काँग्रेसमध्ये गेले. मग पंधरवड्यात त्यांनी तीनदा बाजू बदलली. काँग्रेसमधून विरोधकांच्या संयुक्त मोर्चात, मोर्चातून परत काँग्रेसमध्ये, आणि तिथून नऊ तासांच्या आत पुन्हा मोर्चात. या धावपळीत केव्हातरी राव बिरेंद्र सिंह त्यांना घेऊन चंदीगडला पत्रकारांपुढे आले आणि म्हणाले, ‘गया राम’ आता ‘आया राम’ झाले आहेत. पत्रकारांना ते आवडलं आणि देशाला एक शब्द मिळाला.

आता यातला एक तपशील बघा. ही गोष्ट सांगताना बऱ्याच ठिकाणी राव बिरेंद्र सिंह यांचा उल्लेख ‘तत्कालीन काँग्रेस नेते’ असा येतो. गया लाल मोर्चा सोडून काँग्रेसमध्ये आले, त्यांना फोडून आणणारे बिरेंद्र सिंह, म्हणून ती घोषणा, अशी मांडणी असते. हीच मांडणी इतक्या ठिकाणी इतक्या सारख्या शब्दांत भेटते, की एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं असंच वाटतं. उतरवणाऱ्यांपैकी कुणी शेजारी १९६७ चं कॅलेंडर ठेवलेलं दिसत नाही.

कॅलेंडर शेजारी ठेवून

हरियाणा हे राज्य १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबातून वेगळं निघालं. चारच महिन्यांत, फेब्रुवारी १९६७ मध्ये, पहिली विधानसभा निवडणूक झाली. जागा ८१. काँग्रेसला ४८ मिळाल्या, जनसंघाला १२, स्वतंत्र पक्षाला ३, रिपब्लिकन पक्षाला २, आणि तब्बल १६ अपक्ष निवडून आले. बहुमताचा आकडा ४१, म्हणजे काँग्रेसकडे सात जास्तच होते. भगवत दयाळ शर्मा यांनी १० मार्चला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

एका आठवड्यात सगळं उलटलं. १७ मार्चला विधानसभा अध्यक्षपदाची निवडणूक होती. मुख्यमंत्र्यांनी आपला उमेदवार पुढे केला. समोरून नाव आलं राव बिरेंद्र सिंह यांचं. हे काँग्रेसचेच आमदार, पतौडीचे, रेवाडीच्या राव घराण्यातले, आणि मंत्रिमंडळात जागा न मिळालेल्या नाराजांचे म्होरके. सरकारी उमेदवार पडला, बिरेंद्र सिंह अध्यक्ष झाले. लगोलग काँग्रेसचे बारा आमदार फुटले, बरेचसे अपक्ष त्यांना मिळाले, जनसंघासह बाकीचे पक्ष जोडले गेले आणि संयुक्त मोर्चा उभा राहिला. २४ मार्चला बिरेंद्र सिंह स्वतःच मुख्यमंत्री झाले. शर्मांचं सरकार दोन आठवडेसुद्धा टिकलं नाही.

आता ठरलेल्या गोष्टीकडे परत या. बिरेंद्र सिंह काँग्रेसचे नेते होते तेव्हा सोडून येण्यासारखा मोर्चा अस्तित्वातच नव्हता. मोर्चा अस्तित्वात आला तो बिरेंद्र सिंह काँग्रेसबाहेर पडले म्हणून. त्यामुळे ‘काँग्रेस नेते बिरेंद्र सिंह यांनी मोर्चातल्या गया लाल यांना काँग्रेसमध्ये आणलं’ हे वाक्य कोणत्याही तारखेला खरं ठरवता येत नाही. फुटीच्या आधीचं धरा, तर मोर्चा नाही. फुटीनंतरचं धरा, तर बिरेंद्र सिंह काँग्रेसमध्ये नाहीत, ते समोरच्या बाजूचे पुढारी आहेत.

दुसरा पुरावा त्या वाक्याच्याच पोटात आहे. ‘गया राम आता आया राम झाले’ असं कोण म्हणेल? ज्याच्याकडून माणूस गेला होता आणि ज्याच्याकडे तो परत आला, तोच. पहिल्यांदा येणाऱ्याला कुणी ‘गेलेला आला’ म्हणत नाही. म्हणजे गया लाल बिरेंद्र सिंहांच्या गोटातून गेलेले हवेत आणि त्याच गोटात परतलेले हवेत. फेऱ्यांचा जो क्रम सांगितला जातो त्यात हे एकाच ठिकाणी बसतं: मोर्चातून काँग्रेसमध्ये जाऊन काही तासांत मोर्चात परतले तेव्हा. गोष्टीतला ‘नऊ तास’ हा तपशीलही इथेच अर्थपूर्ण होतो. सकाळी हातून निसटलेला आमदार रात्रीच्या आत परत मिळाला, तर पुढारी त्याला घाईघाईने पत्रकारांसमोर उभा करणारच. मोर्चाचं बहुमत मूठभर आमदारांवर तोललेलं होतं, डोकी मोजून दाखवणं रोजची गरज होती.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष हाच आहे. जन्माच्या वेळी ही शिवी नव्हती, ती फुशारकी होती. ‘तुम्ही नेलात, आम्ही परत आणला’ असं विरोधकांना ऐकवणारं विजयी वाक्य. त्यात गया लाल यांचा पाणउतारा करायचा हेतू दिसत नाही. आपल्या बाकावर येऊन बसलेल्या आमदाराची पत्रकारांसमोर टर उडवणारा मुख्यमंत्री फार दिवस मुख्यमंत्री राहत नाही. शिवाय बोलणारे स्वतः नुकतेच एका पक्षातून ‘गया’ होऊन दुसरीकडे ‘आया’ झालेले होते, आणि त्यांच्या मागे जे बाकावर बसले होते त्यांतलेही बरेच तसेच. पक्षांतराला हिणवण्याची सोय त्या खोलीत कुणालाच नव्हती.

गया लाल कसे ‘राम’ झाले

कोटी जमली ती नावामुळे. गया लाल, गया प्रसाद ही उत्तरेतली जुन्या वळणाची नावं, बिहारमधल्या गया या तीर्थक्षेत्रावरून पडणारी. हिंदीत मात्र ‘गया’ म्हणजे ‘गेला’ही. एरवी कुणाच्या लक्षात न येणारी ही जुळणी, माणूस खरोखरच गेल्यावर झोपेतून उठून बसली. ‘लाल’चं ‘राम’ कसं झालं याला वेगळं कारण शोधायची गरज नाही. हरियाणात छोटूराम, तुलाराम, आत्माराम अशी नावं पावलोपावली भेटतात. शेवटी ‘राम’ लावलं की कुठल्याही क्रियापदाचा माणूस होतो. याच साच्यातून पुढे बिहारच्या राजकारणात ‘पलटूराम’ निघाला.

त्या सभागृहात गया लाल यांच्याहून जास्त वेळा बाजू बदललेले आमदारही होते. त्यांची नावं आज हरियाणाच्या राजकारणाचे अभ्यासक सोडले तर कुणाला आठवत नाहीत. त्यांच्या नावात क्रियापद नव्हतं, एवढंच त्यांचं पुण्य. हा योगायोग मला गमतीचा कमी आणि अन्यायाचा जास्त वाटतो. हसनपूर हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ होता. गया लाल अपक्ष होते, पाठीशी गट नाही, घराणं नाही. बारा आमदार घेऊन सरकार पाडणाऱ्याला इतिहासात ‘माजी मुख्यमंत्री’ ही ओळख मिळाली. एकट्याने ये-जा करणाऱ्याच्या नावाची म्हण झाली.

क्रम उलटला

मूळ वाक्यात आधी ‘गया’ आहे, मग ‘आया’. आज आपण म्हणतो ते उलटं. हा बदल कुणी मुद्दाम केला असं मानायचं कारण नाही, बोलण्याच्या सवयीनेच तो होतो. हिंदीत आना-जाना, मराठीत येणं-जाणं, ये-जा, आलागेला. आधी येणं आणि मग जाणं, ही जोडी भाषेत पक्की बसलेली आहे, म्हणून ‘गया राम आया राम’ जिभेवर अडखळतं आणि ‘आया राम गया राम’ सरळ वाहतं.

पण क्रम उलटताच अर्थही उलटला. ‘गया’वरून ‘आया’वर संपणारं वाक्य परतीचं आहे, त्यात आनंद आहे. ‘आया’वरून ‘गया’वर संपणारं वाक्य बेभरवशाचं आहे, आला म्हणेपर्यंत गेला. शिवाय मधलं ‘आता’ गळून पडलं. ‘आता आया राम झाले’ म्हटलं की एक प्रसंग होतो, तारीख असलेला. ‘आया राम गया राम’ म्हटलं की तो स्वभाव होतो, कायमचा. बिरेंद्र सिंहांच्या फुशारकीतून शिवी तयार झाली ती या दोन बारीक फेरफारांमुळे. ज्या नेमक्या तोंडून हे झालं ते एकच असेल असं नाही. चंदीगडच्या पत्रकारांच्या घोळक्यात, विधानसभेच्या गॅलरीत, दिल्लीच्या गाडीत, असं वाक्य पाच ठिकाणी एकाच आठवड्यात गुळगुळीत होऊ शकतं.

यशवंतरावांचा दावा

मराठी वाचकाला या प्रकरणातला एक धागा आपला वाटतो. हा शब्दप्रयोग लोकसभेत आणून देशभर रुळवण्याचं श्रेय काही जण यशवंतराव चव्हाणांना देतात, आणि काहीजण तर तो त्यांनीच घडवला असंही म्हणतात. यातला दुसरा भाग मला पटत नाही. यशवंतराव दिल्लीत होते. गया लाल यांच्या नावावरची कोटी चंदीगडला, त्या माणसाच्या जवळ असणाऱ्यांनाच सुचण्यासारखी आहे. प्रसिद्ध वाक्यं प्रसिद्ध तोंडांकडे सरकतात, हे तर नेहमीचंच.

पहिला भाग मात्र परिस्थितीशी जुळतो. यशवंतराव तेव्हा देशाचे गृहमंत्री होते. १९६७ च्या निवडणुकीनंतर उत्तरेत एकामागून एक सरकारं फुटीतून पडत होती. उत्तर प्रदेशात चरणसिंह एप्रिलमध्ये काँग्रेस सोडून मुख्यमंत्री झाले. मध्य प्रदेशात जुलैमध्ये गोविंद नारायण सिंह यांनी तेच केलं. नोव्हेंबरमध्ये हरियाणात बिरेंद्र सिंहांचं सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली. राज्यपाल बी. एन. चक्रवर्ती यांच्या अहवालाचा रोख पक्षांतरांच्या बाजारावरच होता, आणि तो निर्णय संसदेत मांडण्याची जबाबदारी गृहखात्याची. म्हणजे हरियाणातले आमदार या विषयावर १९६७ च्या अखेरीस दिल्लीत सगळ्यात जास्त बोलावं लागलेल्या मंत्र्यांपैकी यशवंतराव एक होते. चंदीगडचा शब्द त्यांच्या टेबलापर्यंत पोचला नसता तरच नवल.

८ डिसेंबर १९६७ ला लोकसभेने पक्षांतरांवर समिती नेमण्याचा ठराव मंजूर केला आणि तिचं अध्यक्षपद यशवंतरावांकडे आलं. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, मोतीलाल सेटलवाड अशी माणसं तिच्यात होती. १९६९ मध्ये आलेल्या अहवालातले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच्या सगळ्या काळात मिळून पक्षांतरं सुमारे ५४२. चौथ्या निवडणुकीनंतरच्या एकाच वर्षात किमान ४३८. निवडून आलेल्या ३७६ अपक्षांपैकी १५७ जण कुठल्या ना कुठल्या पक्षात गेले. आणि सगळ्यात बोलका आकडा हा: हरियाणासह सात राज्यांत पक्षांतर करणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जण, त्यांच्याच पक्षांतराने उभ्या राहिलेल्या सरकारांत मंत्री झाले.

निम्म्याहून जास्त. या आकड्यापुढे ‘आयाराम-गयाराम’ ही शिवी किती भाबडी आहे ते कळतं. ती येण्या-जाण्यावर बोट ठेवते, कशासाठी आला आणि कुणी आणला यावर ठेवत नाही. तिच्यात गिऱ्हाईक नाही, फक्त माल आहे. कदाचित म्हणूनच ती सगळ्या पक्षांना चालली. संसदेतल्या कुणालाही ती बोलताना स्वतःच्या पुढाऱ्याकडे बघावं लागत नव्हतं.

मराठीत आल्यावर

हिंदीत आजही हे बहुधा सुटे शब्द म्हणून लिहितात. मराठीने ते जोडले, आणि जोडल्यावर त्यांना प्रत्यय लागू लागले. आयारामांना, गयारामांची, आयारामांमुळे. शब्द घरचा झाला याची ही खूण. गंगाराम, सखाराम, तुकाराम असलेल्या मुलखात ‘आयाराम’ उपरा वाटणारही नव्हता. ‘आलाराम-गेलाराम’ करून बघायची गरज कुणाला वाटली नाही.

पण मराठीने आणखी एक गोष्ट केली, जी मूळ प्रसंगात नव्हती. तिने एका माणसाचे दोन केले. चंदीगडला गयाराम आणि आयाराम हे एकच गृहस्थ होते. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘आयाराम’ म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर दुसऱ्या पक्षातून आपल्याकडे आलेला आणि आल्या आल्या तिकीट घेऊन बसलेला, आणि ‘गयाराम’ म्हणजे आपल्याला सोडून गेलेला. आयारामाची जोडी गयारामाशी लागत नाही, ती लागते ‘निष्ठावंता’शी. आयारामांना पायघड्या आणि निष्ठावंत सतरंज्या उचलायला, हे गाऱ्हाणं प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाच्या कार्यालयाबाहेर ऐकू येतं. २०१९ च्या विधानसभेआधी ‘मेगाभरती’ हा शब्द निघाला तेव्हा सगळ्यात तक्रारीच्या सुरात ‘आयाराम’ म्हणणारे लोक भरती करणाऱ्या पक्षांतलेच होते.

म्हणजे मराठीत ही शिवी विरोधकाला देण्यापेक्षा घरातल्या नव्या पाहुण्याला देण्यासाठी जास्त वापरली जाते. विरोधकाला झोडायचं असेल तेव्हा ती मऊ पडते. २०२२ मध्ये शिवसेनेतल्या फुटीनंतर विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’च्या घोषणा दिल्या, सभांतून ‘गद्दार’ ऐकू आलं. आयाराम-गयाराम मागेच राहिलं. ती घोषणा आरोप म्हणून खरी की खोटी हा वेगळा विषय, पण घडण बघितली तर १९६७ च्या शब्दात नसलेलं गिऱ्हाईक तिच्यात आहे.

गया लाल आज असते तर

पक्षांतर रोखण्यासाठीची १९७३ आणि १९७८ ची विधेयकं संमत न होताच राहिली. शेवटी १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आलं. त्याच्या चर्चेत आयाराम-गयारामचा दाखला आजही दिला जातो, जणू हा कायदा गया लाल यांच्यासाठीच केला. एका अर्थाने ते खरंही आहे. परिशिष्टातली एक तरतूद अशी आहे की अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर कुठल्याही पक्षात गेला तर तो अपात्र ठरतो. त्याला कसलीही सूट नाही. गया लाल यांच्यावर हा कायदा असता तर निकालानंतर ते काँग्रेसमध्ये गेले तेव्हाच, म्हणजे पहिल्याच पावलाला, त्यांची आमदारकी गेली असती. पुढचं जाणं-येणं, नऊ तास, चंदीगड, काहीच झालं नसतं.

त्या बारा जणांचं काय? ४८ पैकी १२, म्हणजे एक-चतुर्थांश. १९८५ च्या कायद्यात एक-तृतीयांश आमदार घेऊन बाहेर पडलं तर ती ‘फूट’ मानून माफी होती. त्यांना आणखी चार जण जमवावे लागले असते. २००३ मध्ये एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ही फुटीची सवलत काढली, मंत्रिमंडळाच्या आकाराला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद बंद केलं. मंत्र्यांची संख्या बांधा आणि पक्षांतर करणाऱ्याला लगेच मंत्रिपद देऊ नका, हे चव्हाण समिती १९६९ मध्येच सांगून गेली होती. मात्र दोन-तृतीयांश आमदारांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची वाट खुली राहिली. ४८ मधले ३२ असते तर बिरेंद्र सिंह आजच्या कायद्यातही त्या वाटेने जाऊ शकले असते.

गया लाल १९७७ च्या जनता लाटेत हसनपूरमधून पुन्हा निवडून आले. त्यांचे चिरंजीव उदय भान पुढे आमदार झाले आणि २०२२ मध्ये हरियाणा काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष. राव बिरेंद्र सिंहांनी विशाल हरियाणा पक्ष काढला, १९७८ मध्ये तो काँग्रेसमध्ये विलीन केला आणि इंदिरा गांधींच्या सरकारात ते कृषिमंत्री झाले. त्यांना कुणी आयाराम म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणि त्याच हरियाणात जानेवारी १९८० मध्ये, इंदिरा गांधी दिल्लीत परतल्यावर, जनता पक्षाचे मुख्यमंत्री भजनलाल आपलं जवळजवळ अख्खं मंत्रिमंडळ आणि आमदारांचा मोठा गट घेऊन काँग्रेसमध्ये गेले. मुख्यमंत्री तेच राहिले, खुर्ची तीच राहिली, फक्त पक्ष बदलला. आकाराने ही घटना गया लाल यांच्या कितीतरी पट मोठी होती. तिची म्हण झाली नाही. भजनलाल आले म्हणायचे की गेले, हे सांगायला जुन्या बाकांवर फारसं कुणी उरलंच नव्हतं.